आवडाबाईचं घर कोणी नेलं?

१

आवडाबाई पाचव्या दिवशी सकाळी बाळकुमहून पुतणीचं लग्न उरकून ठाण्याला परतली, तेव्हा तिचं घर जागेवर नव्हतं.

घरातली भांडी गेली तर माणूस आरडाओरडा करतो. घरच गेलं तर काय करायचं याचा कुणालाच सराव नसतो. आवडाबाईने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. आळीचं हे टोक आणि ते टोक नीट पाहून घेतलं. आपण भलत्याच आळीत शिरलो नाही ना, याची खात्री केली आणि उरलेल्या जोत्यावर जाऊन बसली. दुपारपर्यंत ती तिथेच होती. रडली नाही, बोलली नाही, कुणाकडून पाणीही घेतलं नाही.

शेवटी आळीतल्या बायकांनी मंदाकिनीबाई फणसळकरांना बोलावलं. मंदाकिनीबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सुईण. समोरच्याच टिपणीस बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहायच्या. कल्याणला भाचीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर गेल्या होत्या, त्या नेमक्या त्याच सकाळी परतल्या होत्या. तीस वर्षांत त्यांनी आळीतली बहुतेक प्रजा जगात आणली होती, त्यामुळे कुणालाही दटावण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळाला होता.

"आवडे, पाणी पी."

"नको."

"पी म्हणते ना. घर गेलंय, घसा नाही गेला."

आवडाबाई प्यायली. मग म्हणाली, "बाय, मी आता कुठं जाऊ? दीर बोलतो, बाल्कुमला ये, ओटीवर पडून रा. ज्याच्या पोरीच्या लग्नात आता चार दिस हलद दलली, त्याच्याच ओटीवर? मना माजं घर हवं. हितंच हवं."

आता या आळीविषयी थोडं सांगायला हवं. १९५६ साली ठाण्यात पत्ता सांगायचा तर जे नाही त्याच्या खुणेनेच सांगावा लागे. चुनाभट्टीच्या पुढे वळा, म्हणजे चुनाभट्टी पाडली त्या जागेपुढे. मग जुन्या धर्मशाळेला वळसा घाला, म्हणजे जिथे आता लाकडाची वखार आहे. नवख्याला वाटे, हे गाव भुतांनी वसवलंय. मिठागर आळीत मिठागर उरलं नव्हतं, आणि आता खाडीपर्यंत मोटारींचा रस्ता करायचा म्हणून रस्तेसुधार कचेरी नावाची नवी कचेरी आळीच रुंद करणार होती. डाव्या हाताला एक्केचाळीस नंबरची टिपणीस बिल्डिंग, उजव्या हाताला तिच्याच समोर अडुसष्ट नंबरचं आवडाबाईचं घर. नंबर एका बाजूने खाडीपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत येत, म्हणून समोरासमोरच्या घरांच्या नंबरांत एवढं अंतर. आळी सगळ्यात अरुंद होती ती नेमकी इथे. रस्त्याच्या रेषेत येत होती ती टिपणीस बिल्डिंग. आवडाबाईच्या घराला धक्का लागायचा नव्हता. हे सगळ्या आळीला पाठ होतं.

"मग पाडताना कुणी बोललं कसं नाही?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतली रंगूबाई म्हणाली, "कचेरीची माणसं होती हो बाई. खाकी कपडे, हातात कागद. आम्हाला वाटलं, कागद आहे म्हणजे बरोबरच असणार."

"आणि टिपणीस वकील? ते तर समोर राहतात."

"ते मुंबईला गेले होते कोर्टात. आले तेव्हा काय हळहळले! देवमाणूस. शाळेला बाकं दिली, देवळाला घंटा दिली, हिला दिवाळीत दार दिलं, आणि आता म्हणतात, मागची खोली देतो राहायला, भाडं नको."

मंदाकिनीबाई ढिगाऱ्याभोवती फिरल्या. कौलं एका बाजूला नीट रचलेली होती. वासे होते, चौकट होती, चुलीची माती होती, पाट्यासकट वरवंटा होता. चोरीला जाण्यासारखं सगळं शाबूत होतं.

नव्हतं ते फक्त दार.

२

रस्तेसुधार कचेरीचा ओव्हरसियर सुधीर गडकर हा टिपणीस बिल्डिंगमध्येच वरच्या मजल्यावर राहायचा. वय पंचवीस, नोकरी अजून कच्ची, बायको नीला आठव्या महिन्यात. कचेरीत तो टेबलामागे बसला की पस्तिशीचा दिसे. त्या दिवशी मात्र पंधरा वर्षांचा दिसत होता.

"मावशी, मुकादमाची चूक आहे. कागद बघा." त्याने पाडायच्या घरांची यादी पुढे केली. मालकांची नावं कुठेच नव्हती, नुसते आकडे होते. त्यांत एक्केचाळीस होता, अडुसष्ट नव्हता.

"नावं का नाहीत रे?"

"नावं लिहिली की माणसं दुखावतात. टिपणीसकाकाच म्हणाले होते, आकड्याला कुणी नातेवाईक नसतो."

"वा. आणि पाडण्याआधी जागेवर जाऊन कोण बघतं?"

"मीच. सही आहे ना खाली. आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघितलं. आवडाबाईच्या दारावर अडुसष्ट, डांबराने, ढळढळीत. पंढरीने ताडी घेतली असणार, दुसरं काय?"

"मग आता?"

सुधीर यादीकडे बघत म्हणाला, "शनिवारी सभा आहे. काही सभासद म्हणतायत की उजवी बाजू मोकळी झालीच आहे, तर रस्ता तिकडूनच न्या. एक्केचाळीसला हात लावायला नको. आवडाबाईला गावाबाहेर कुठे तरी जागा देऊ."

"कुठे तरी म्हणजे कुठे?"

"ते ठरायचंय."

सरकारी भाषेत 'ते ठरायचंय' याचा अर्थ काय, हे मंदाकिनीबाईंना चांगलं माहीत होतं. दवाखान्याच्या प्रसूती विभागातला पंखा अठरा वर्षं ठरायचा होता. आज मंगळवार होता. हातात चार दिवस.

मुकादम पंढरी कळव्याला राहायचा. त्या खाडी ओलांडून गेल्या. पंढरी अंगणात खाटेचा सुंभ ओढून बांधत बसला होता. त्याला कामावरून बसवलं होतं आणि शनिवारी कायमचं काढणार होते.

"बाई, माळकरी माणूस मी. ताडी पितो म्हणणाऱ्याच्या तोंडात किडे पडोत."

"ते पडतील तेव्हा पडतील. तू नंबर कसा वाचलास ते सांग."

"अक्षर मला येत नाही. आकडे येतात. गोदीत बारा वर्षं पेट्या मोजल्यात. चाराचा आकडा आणि पुढं एक. दारावर होता, डाव्या फळीवर, डांबराचा. चार माणसांना दाखवला. मग घण घातला."

"त्या घरावर? आवडाबाईच्या?"

"कोणाचं घर ते मला काय ठावं? आम्हाला आकडा देतात, नाव देत नाहीत."

"समोरची बिल्डिंग नाही बघितलीस?"

"बघितली की. म्हटलं, ह्याच्यावर कोणता नंबर आहे बघावं, चूक नको." पंढरीने सुंभ सोडला. "बाई, त्या बिल्डिंगच्या दारावर नंबरच नव्हता."

मंदाकिनीबाई परत आल्या त्या थेट आपल्या बिल्डिंगच्या दारासमोर उभ्या राहिल्या. गेले तीन महिने रोज दहादा त्या या दारातून आत-बाहेर करत होत्या. नवंकोरं सागवानी दार, कल्याणच्या वखारीतून आणलेलं, रोगणाने चकचकीत. त्यावर आकडा नव्हता. आणि जुनं दार कुठे गेलं, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

जुनं दार टिपणिसांनी दिवाळीत दान केलं होतं. आवडाबाईला.

३

गुरुदत्त टिपणीस हा ठाण्यातला नामांकित वकील आणि रस्तेसुधार कचेरीचा सन्माननीय सभासद. त्याचं दान असं असायचं की घेणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याच्या जास्त लक्षात राही. त्याने मंदाकिनीबाईंना झोपाळ्यावर बसवलं, चहा मागवला आणि त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे देवा," तो म्हणाला. खरंच हादरल्यासारखा दिसत होता. "म्हणजे माझ्या दारामुळे तिचं घर गेलं?"

"दारावरच्या आकड्यामुळे."

"बाई, तिच्या दाराला वाळवी लागली होती. फळी हाताने मोडत होती. मला बघवेना. मी नवं करणारच होतो, जुनं तिला दिलं. यात माझं काय चुकलं, सांगा."

"आकडा पुसायचा राहिला."

"आपल्या दारावर कोणता आकडा आहे हे कोण बघतं हो? देवाशपथ सांगतो, त्यावर आकडा आहे हेच मला माहीत नव्हतं. आताही विचाराल तर माझ्या घराचा नंबर मला सांगता यायचा नाही. पत्रं नावावर येतात."

झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

"शिवाय दिवाळीत रस्त्याचा नकाशाच कुणी पाहिला नव्हता," टिपणीस म्हणाला. "जानेवारीत जाहीर झाला. म्हणजे मी काही ज्योतिषी नाही. दुर्दैवी अपघात झाला. शनिवारी मी स्वतः सभेत उभा राहून हे सांगेन. माझ्यामुळे झालं म्हणेन. बिचाऱ्या पंढरीला सोडवायलाच हवं."

"आणि रस्ता?"

"तो आता उजवीकडून जाईल. अपघात तर होऊन गेला. तो उलटा कसा फिरवणार?" त्याने कप खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "बाई, एक विचारू? या बिल्डिंगमध्ये माणसं किती?"

"चौतीस."

"वरती ती नीला आठव्या महिन्यात आहे. दामले मास्तरांना ऐकू येत नाही. आणि तळमजल्यावर एक निवृत्त नर्स आहे, जिला सबंध ठाण्यात दुसरी खोली मिळायची नाही. उजवीकडून रस्ता गेला तर एका बाईचं घर जाईल, आणि ते गेलेलंच आहे. डावीकडून गेला तर चौतिसांचं जाईल. मी गणितात कच्चा आहे. तुम्हीच करून बघा."

मंदाकिनीबाईंनी चहा संपवला. चहा उत्तम होता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

त्या खाली आपल्या खोलीत आल्या, दिवा न लावता बसल्या. पंढरी सुटेल. कुणी खोटं बोललं नाही, कुणी चोरी केली नाही. सगळं नीट उलगडलं होतं. आवडाबाई मात्र उद्याही जोत्यावरच बसलेली असणार होती.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की एक गोष्ट उलगडलीच नाही. अपघात झाल्यावर पुरावा कोण लपवतं?

४

बुधवारी त्या जोत्यावर आवडाबाईशेजारी जाऊन बसल्या. आळीतल्या बायकांनी चार बांबूंवर गोणपाट टाकून दिलं होतं. त्याखाली तिने चूल मांडली होती. भिंती नसलेल्या घरात ती पूर्वीच्याच कोपऱ्यात बसून पूर्वीच्याच दिशेला तोंड करून भाकऱ्या थापत होती.

"आवडे, दिवाळीत दार आलं तेव्हा काय काय झालं ते सांग."

"काय व्हायचं? दगडू सुतारानं बसवलं. आधी मी बसवू दिलं नाय."

"का?"

"दुसऱ्याच्या घरचं दार तसंच लावतात का कधी, बाय? त्याच्यावर त्यांच्या बायकांनी कुकू लावलेलं, स्वस्तिक काढलेलं, लग्नाचे हात उठवलेले. ते तसंच आनलं तर त्यांचं चांगलं-वाईट सगलं माज्या घरात. आमच्यात आधी रंधा मारतात. सगलं अंग सोलून काढायचं, मग हलद फासायची, मग उंबऱ्याला लावायचं. तुमच्यात नाय करत?"

"आमच्यात नवंच घेतात आणि मग वाळवीला देतात. मग रंधा मारला?"

"मारला की. दगडूनं सांजपर्यंत मारला."

मंदाकिनीबाईंच्या हातातली काटकी खाली पडली. रंधा मारला होता. मग पंढरीला आकडा दिसला कुठून?

दगडू सुतार जुन्या धर्मशाळेच्या जागेवर, म्हणजे वखारीच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाला काम करायचा. तो बोलायला तयार होईना. टिपणीस बिल्डिंगचं वर्षाचं काम त्याच्याकडे होतं.

"दगडू, तुझी दोन्ही पोरं कुणी आणली?"

"तुमीच, बाई."

"धाकटा पायाळू होता. पहाटेपर्यंत मी घामाघूम झाले होते. मी तुझ्याकडे काही मागितलं होतं?"

"नाय."

"आता मागते. दाराला रंधा मारलास का?"

दगडूने पटाशी खाली ठेवली. "मारला."

"सगळ्या दाराला?"

त्याने पायाने जमिनीवरचा भुसा बाजूला सारला. "एक तलहाताएवढी जागा सोडून. वकीलसाहेब उभे होते. मी डाव्या फलीवर आलो तसे म्हनाले, दगडू, तो आकडा सरकारी हाय, त्याला हात लावू नको, गुन्हा होतो. आवडाबाई म्हनाली, सगलं सोल. तर तिलाही तेच सांगितलं. सरकारी अक्षर हाय, त्याला बाधा नसते. मी चौकोन सोडून बाकी सगलं सोललं. दिसायला ते कसं तरीच दिसत होतं, बाई. नव्या लाकडात जुन्याचं ठिगल."

"हे सभेत सांगशील?"

"वकिलापुढं सुताराचं कोन ऐकनार? ते बोलतील, दगडू खोटं बोलतो. झालं."

ते खरंच होतं. दगडूचं बोलणं हवेत विरून गेलं असतं. पण दार बोललं असतं तर कुणाला खोडून काढता आलं नसतं. ज्याला आपल्या दारावर आकडा आहे हेच माहीत नव्हतं, त्याने तो आकडा तेवढा राखून बाकीचं दार सोलायला सांगितलं होतं. ते ठिगळ एकदा डोळ्यांनी दिसलं की पुरे होतं.

फक्त दार कुठे होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

५

दाराचा विचार करत मंदाकिनीबाईंनी गुरुवार घालवला. चोराने नेलं म्हणावं, तर चोराने कौलं का सोडली? टिपणिसाने नेलं म्हणावं, तर तो मुंबईला होता आणि नेण्याची त्याला गरजही नव्हती. अपघाताची कथा त्याला त्या दारासकट सांगायची होती. नीट पाहिल्याशिवाय ठिगळाचा अर्थ कळत नाही, आणि दानाकडे नीट कोण बघतं?

मग दार दिसू नये अशी इच्छा कुणाची?

शुक्रवारी दुपारी त्या वरच्या मजल्यावर गेल्या. नीलाचं पोट तपासलं. बाळाचं डोकं खाली आलं होतं. सुधीर जेवायला घरी आला होता. मंदाकिनीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं,

"सुधीर, आवडाबाईच्या दारावर तू काय पाहिलंस म्हणाला होतास?"

"अडुसष्ट."

"दिवाळीपासून त्या दारावर अडुसष्ट नव्हताच. अडुसष्ट होता तिच्या जुन्या दारावर, आणि ते तिने दिवाळीच्या आंघोळीला चुलीत घातलं. तू गेला असतास तर तुला एक्केचाळीस दिसला असता. म्हणजे तू गेलाच नाहीस. घरी बसून सही केलीस."

सुधीरने भाताचा घास तसाच ताटात ठेवला.

"घर पडल्यावर तू गेलास," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "दार आडवं पडलं होतं. त्यावरचा आकडा बघितलास आणि तुला तुझी सही दिसली. ते सागवानी दार उचलायला चार माणसं आणि गाडा लागतो. आळीत गाडा एकच, तुमच्या कचेरीचा. कुठे ठेवलंस?"

"मावशी, माझी नोकरी अजून..."

"कुठे?"

"कचेरीच्या कोठारात. मागे, पिंपांच्या आड."

मंदाकिनीबाईंना मनातल्या मनात त्याचं कौतुक वाटलं. खाडीत टाकलेली वस्तू भरतीने वर येते. कचेरीच्या कोठारात टाकलेली वस्तू कधीही वर येत नाही.

"आणि नकाशा? दिवाळीच्या आधी टिपणिसाला कुणी दाखवला?"

"दाखवला नाही हो. इथेच, या टेबलावर काढत होतो. काका चहा प्यायला वर आले होते. नुसतं विचारलं, रेषा कुठून जाते रे? मी बोट ठेवलं. एवढंच. मला काय माहीत ते..." त्याचा आवाज चिरकला. "उद्या दार बाहेर काढलं तर माझी नोकरी जाईल. शिवाय रस्ता डावीकडून जाईल. हे घरही जाईल. तुमचंही जाईल, मावशी! हिचं बाळंतपण कुठे करायचं? स्टेशनावर?"

टिपणिसाचं गणित बरोबर होतं. मंदाकिनीबाई रात्रंदिवस ते करून बघत होत्या आणि दर वेळी चौतीसच जास्त येत होते.

नीला भिंतीला टेकून उभी होती. ती खिडकीतून खाली गोणपाटाकडे बघत होती.

"परवा आवडाबाईने मला कैरीचं लोणचं पाठवलं," ती म्हणाली. "तिला सांगायला हवं होतं की पाठवू नकोस, आम्ही तुझंच घर खातोय."

"नीला, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये कुठे पडतेय? मला तर हलताही येत नाही. तू जा. नाहीतर मीच कोठारात जाते आणि पिंपं हलवते."

सुधीरने ताट सरकवलं आणि उठून चप्पल घातली. तो कोठाराकडे गेला की टिपणिसाकडे, हे वरून दिसत नव्हतं.

६

शनिवारी सभेला बारा सभासद हजर होते. एरवी पाच येत. टिपणीस उभा राहिला आणि त्याने फार सुंदर भाषण केलं. आपण दिलेल्या दारामुळे एका गरीब भगिनीचं घर गेलं, हे सांगताना त्याचा गळा दाटून आला. दोन सभासदांनी डोळे टिपले. पंढरीला माफ करावं, भगिनीला गावाबाहेर जागा द्यावी आणि मोकळ्या झालेल्या बाजूने रस्ता न्यावा, असा ठराव त्याने मांडला.

अध्यक्ष म्हणाले, "कुणाचा विरोध?"

"मला एक विचारायचंय," मंदाकिनीबाई मागच्या बाकावरून उठल्या. "वकीलसाहेब, तुमच्या जुन्या दारावर कोणता आकडा होता?"

"बाई, मी सांगितलं ना. त्यावर आकडा आहे हेच मला ठाऊक नव्हतं."

"शपथेवर?"

"शपथेवर."

मंदाकिनीबाई दाराकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेर कुणीच नव्हतं. अध्यक्षांनी खोकून घड्याळ पाहिलं. पुढच्या बाकावर आवडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मग बाहेर गाड्याचं चाक वाजलं. पंढरी आणि तिघेजण दार उचलून आत आले, मागून सुधीर आला. तो पांढराफटक पडला होता. त्यांनी ते भिंतीला टेकवून उभं केलं.

सांगण्यासारखं फारसं उरलंच नाही. सबंध दार रंध्याने सोललेलं, गोरं, हळदीचा पिवळा हात फिरलेलं होतं. डाव्या फळीवर एक काळपट चौकोन तेवढा राखलेला. कुंकवाचा एक जुना ओघळ सुद्धा त्या चौकोनाच्या कडेशी कापल्यासारखा थांबला होता. आणि चौकोनाच्या मधोमध एक्केचाळीस.

"जो आकडा साहेबांना माहीतच नव्हता," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "तो राखायला त्यांनी सुताराला सांगितलं. सुतार बाहेर आहे. बोलावू?"

दगडूला बोलवावं लागलं नाही. तो आपणहूनच उंबऱ्यात येऊन उभा होता. सुधीरने नकाशाचं आणि सहीचं सगळं सांगितलं. कुणी न विचारताच सांगितलं.

टिपणीस दाराकडे बघून हसला, आणि ते हसू खोटं नव्हतं. "माझ्या आजोबांनी बांधलेली इमारत आहे," तो म्हणाला. "मी तिला मागची खोली देत होतो. सगळ्यांना छप्पर राहिलं असतं. तुम्हाला न्याय हवा होता ना बाई? घ्या. आता चौतीस माणसांना जाऊन सांगा."

ठराव नापास झाला. आवडाबाईची जागा आवडाबाईकडे राहिली. घर बांधून देण्याचं कचेरीने मान्य केलं, ते कधी, ते ठरायचं होतं. आवडाबाई त्यासाठी थांबली नाही. बाळकुमहून दीर, पुतणे, नवी नवरी आणि नवरदेव असे अकरा जण आले आणि आठ दिवसांत भिंती उभ्या राहिल्या. पंढरी परत कामावर लागला. सुधीरची नोकरी गेली. तो नीलाला घेऊन डोंबिवलीला सासऱ्यांकडे गेला. मुलगी झाली, असं पत्र आलं. बाळंतपण दुसऱ्याच सुइणीने केलं.

टिपणिसावर खटला झाला नाही. त्याने पुढच्या वर्षी शाळेला एक कपाट दिलं.

टिपणीस बिल्डिंगमध्ये मंदाकिनीबाईंशी बोलायचं लोकांनी बंद केलं. दामले मास्तरांना काही ऐकू येत नसे, तेही तोंड फिरवू लागले. जिन्यात भेटलेली बाई पदर सावरून भिंतीला चिकटे. ज्यांना त्यांनी पायाला धरून जगात आणलं होतं, ती मोठी झालेली माणसं त्यांच्या खिडकीखालून मान खाली घालून जात. मंदाकिनीबाईंना त्यांचं चुकतंय असं म्हणता येईना. आवडाबाईने दोनदा राहायला बोलावलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, बघू. त्या काय बघणार होत्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. एकदा आवडाबाईनेच विचारलं, "बाय, माज्यामुलं तुमचं गेलं ना?" त्या म्हणाल्या, "गप गं," आणि घरी येऊन ट्रंक भरायला बसल्या.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पंढरी माणसं घेऊन आला. बिऱ्हाडं बहुतेक गेली होती. आळीत गर्दी जमली होती, पण या खेपेला सगळे बोलत होते. मंदाकिनीबाईंची ट्रंक, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप बाहेर पायरीशी ठेवलेलं होतं. त्या स्वतः ट्रंकेवर बसल्या होत्या.

पंढरी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातातला घण जमिनीला टेकलेला होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सुरुवात कुठून करू?"

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"माझ्या खोलीपासून कर," त्या म्हणाल्या. "शेवटी ठेवलीस तर दिवसभर बघत बसावं लागेल."